साय

म्हापशाच्या मार्केटमागच्या लॉजवर
माझी रात्रपाळी. नऊ ते सहा.
टेबलाशेजारी चार फुटी टाकी.
सिप्रियानबाबांच्या मुलाने हौसेने घेतली
आणि तो कॅनडाला गेला.
टाकी राहिली, मासे राहिले,
त्यांच्याकडे बघायला मी राहिलो.

चतुर्थी आटोपली आणि पाण्यावर साय आली.
दुधावर येते तशी नव्हे,
कालच्या चहावर येते तशी.
दिवा लावला की तिच्यात जांभळं-हिरवं हलायचं.
गिऱ्हाईक म्हणायचं, वा, काय रंग!
मी चावी द्यायचो.

हे रंग मला ठाऊक होते.
अकरा वर्षं बार्जीवर होतो.
आमोण्याला खनिज भरायचं, मुरगावात रितं करायचं,
आणि मांडवीवर आमच्यामागून
डिझेलचं असंच लुगडं उलगडत यायचं
पार बेतीपर्यंत.
तेव्हा कोणी म्हणालं नाही, काढा ते.
मग खाणी बंद पडल्या, बार्ज धक्क्याला गंजली.
लुगड्याची घडी कोणी घातली, ठाऊक नाही.

इथे बाब म्हणाले, "रोहिदास, काढ रे ते."

काढलं.
वर्तमानपत्राचं पान पाण्यावर अलगद निजवायचं,
एका कोपऱ्याने उचलायचं.
साय पानाला लागून येते.
निधनवार्तांचं पान असलं
तर चेहऱ्यांवर तुकतुकी चढते, जणू आताच तोंडं धुऊन आलेत.
दुसऱ्या रात्री परत तेवढीच.

शुक्रवारच्या बाजारात रंगीत मासे विकणारा इनास
पिशवीत हवा भरता भरता म्हणाला,
"कागद किती दिवस घालशील?
तोंड वर असलेले मासे घाल.
चार काळ्या मॉली ने.
आणि दाणे कमी टाक,
ती चरबी तुझ्याच चिमटीतली."

चार काळ्या मॉली.
पहिला दिवस त्या कोपऱ्यात, नव्या सुनांसारख्या.
मग एकीने सायीला खालून ओठ लावले.
चुटुक.
मोहरीएवढं भोक, त्यातून दिव्याचा उजेड सरळ आत.
मग दुसरी. मग सगळ्याच,
चुटुक चुटुक,
कोणी भाकरीचा पापुद्रा सोलत बसावं तशा.

सुलक्षाला हे सांगितलं, चूकच झाली.
रविवारी मयेच्या शेतातल्या पाटातून
रुमालाने तीन मासे धरून आणले पोरीने,
पिठाच्या डब्यात.
पाठ सपाट, जबडा वर,
आणि डोक्यावर पांढरा ठिपका,
पाण्याखालून वर बघणारा तिसरा डोळा जसा.
ते साय खात नाहीत.
तिच्या अगदी खाली, केसभर अंतरावर, थांबतात
डासाची वाट बघत.
डास आला की शेपटीचा एक फटकारा,
आणि साय काचेसारखी तडकते.
तडकलेलं मॉलींना सोपं जातं.

एका रात्री अडीचला
रजिस्टरवर टप्प झालं.
शेतातला मासा.
"येण्याचे कारण" या रकान्यात उताणा,
तोंड उघडं, ठिपका तसाच लकाकणारा.
हात ओला करून उचलला, सोडला.
थोडा वेळ तिरका तरंगला
आणि गेला आपल्या जागी, वरच्या थराला.
दुसरा सकाळी चपलांच्या फळीखाली सापडला,
केरसुणीला. वाळून काडी.
त्याने केव्हा उडी मारली, मला ऐकू आलं नव्हतं.
जागाच होतो मी.

सुलक्षाला दोनच आहेत असं सांगितलं नाही.
ती मोजेल तेव्हा मोजेल.

गणपतीच्या जुन्या तसबिरीची काच कापून
झाकण केलं, मागे दोन बोटं फट ठेवली.
पाण्याला वारा लागला पाहिजे.
रजिस्टरमधल्या त्या पानावर
बेळगावच्या कोणा पाहुण्याचं नाव फुटलंय.
सहीवर एक खवला चिकटून आहे, तो मी काढत नाही.

आता टाकीकडे कोणी वळून बघत नाही.
काल एक जण वाकला,
म्हणाला, यात पाणी आहे की नाही कळतच नाही,
आणि चावी घेऊन जिना चढून गेला.